गौरी ब्यूटी पार्लरची काळी मालकीण

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात मारोती भोयरांच्या घराच्या पुढच्या खोलीवर 'गौरी ब्यूटी पार्लर' अशी पाटी आहे, आणि त्या पाटीखाली जी बाई बसते ती रंगाने काळी आहे. सावळी नाही, गव्हाळ नाही, निमगोरी तर नाहीच नाही. असं तोंडावर सांगायला कुणाला संकोच वाटत असेल तर वाटो बापडा, खुद्द सरिता भोयरला वाटत नाही. नवीन गिऱ्हाईक दारात उभं राहून आधी पाटीकडे आणि मग तिच्याकडे बघायला लागलं, की त्याने तोंड उघडायच्या आत ही सांगून मोकळी होते, की गौरी अजून यायची आहे, तोवर माझ्यावर भागवून घ्या. गिऱ्हाईक हसतं, खुर्चीत बसतं आणि मान मागे टाकतं. एकदा हसून झालं की पुढचं काम सोपं जातं, असं तिचं म्हणणं.

पाटीचं नाव तिने ठेवलं नव्हतं. मारोती रेल्वेच्या वॅगन कारखान्यात कारकून, बोलायला महाग माणूस. पाटी रंगवणाऱ्याने त्याला सांगितलं की पार्लरचं नाव गौरी तरी असतं नाहीतर रूपसुंदरी तरी. रूपसुंदरी म्हणजे जरा अतीच होतं, म्हणून त्याने गौरीला मान डोलावली. पाटी घरी आली तेव्हा सरिता ती भिंतीला टेकवून बराच वेळ बघत बसली आणि मग इतकी हसली की सासूबाई, शांताबाई, आतून धावत आल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, असं ती अजूनही सांगते. तिच्या हाताखालून गेलेल्या नवऱ्या मांडवात उजळून निघतात आणि ही आपली जशीच्या तशी. कुणी विचारलंच की दीदी, हे सगळं तुम्ही स्वतःला का नाही लावत, तर तिचं उत्तर तयार असतं, की हलवाई कधी आपली मिठाई खातो का.

खरं तर या हलवायाने आख्खं दुकान खाऊन पाहिलं होतं. हिंगणघाटला माहेरी असताना हळद, साय, बेसन, संत्र्याच्या साली, जो जे सांगेल ते. मसुराची डाळ घरात वरणाला कमी आणि सरितेच्या गालांना जास्त लागायची. तिला बघायला भोयर मंडळी रायपूरहून आली तेव्हा आत्याने मुद्दाम दिवेलागणीची वेळ दिली, वर पावडरचा असा थर दिला की सरिता शिंकली तर खोलीत धुकं झालं असतं. लग्न मात्र भर दुपारचं निघालं. मांडवात उन्हाची तिरीप तोंडावर पडली आणि शांताबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, आम्ही पाहिली ती पोट्टी हीच का?

हा किस्सा सरिता गिऱ्हाइकांना साभिनय सांगते. शांताबाईंचे डोळे, आत्याची पळापळ, स्वतःचा शेंदूर फासलेल्या मारुतीसारखा झालेला चेहरा, काही म्हणता काही सोडत नाही. बायका अशा हसतात की तोंडावरचा लेप तडकतो आणि तिला पुन्हा लावायला लागतो. त्या वेळी मारोती आईला म्हणाला होता, "हीच हाय. बस आता." पण ते ती सांगत नाही. त्याच्यावर कुणी हसत नाही ना, मग सांगून काय करायचं.

तर असं सगळं बरं चाललं होतं आणि छत्तीसगढचं वेगळं राज्य झालं. रायपूर म्हणजे आमचं भात-गिरण्यांचं, रिक्षांचं गाव, ते एका रात्रीत राजधानी झालं. भोपाळहून साहेब लोक आले, त्यांच्या बायका आल्या, आणि त्यांच्या मागोमाग फेशियल आलं. रस्त्यांच्या दुभाजकांना रंग लागला, जुन्या इमारतींना चुना लागला, जिकडे तिकडे गावाचं तोंड धुणं चाललेलं. गावाला राजधानीसारखं दिसायचं होतं आणि गावातल्या बायकांना राजधानीतल्या बायकांसारखं. सरितेच्या दाराशी चपलांचा ढीग पडायला लागला. तिने दुसरी खुर्ची घेतली, मोठा आरसा लावला, आणि तिची पोरगी सोनिया शाळेतून आली की त्याच खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून अभ्यास करायला लागली.

सोनिया अकरा वर्षांची, रंगाने थेट आईवर गेलेली. मारोतीचा गहूवर्ण वाया गेला, असं शांताबाई म्हणायच्या. घरात मराठी ऐकून सगळी कळायची, पण उत्तर द्यायची हिंदीत. स्टुलावर बसून ती गणितं सोडवते आहे असंच सरितेला वाटायचं. आता अकरा वर्षांची पोट्टी बायकांच्या गप्पा सोडून गणितं सोडवेल, असं ज्या आईला वाटतं तिच्या अकलेबद्दल काय बोलावं. पोरगी तिथे सगळं शिकत होती. कोणत्या बाईला काय म्हणायचं, किती थांबायचं, आणि समोरचीच्या ओठावर आलेलं वाक्य तिच्या आधी आपणच कसं बोलून टाकायचं.

राज्याला दोन वर्षं झाली त्या साली सोनियाच्या शाळेने राज्योत्सवाचा मोठा कार्यक्रम ठरवला. नाच बसवणाऱ्या इंदू मॅडम, हसऱ्या आणि घाईतल्या बाई, सरितेच्या गिऱ्हाईकच होत्या. कार्यक्रमात दोन मोठ्या गोष्टी होत्या. एक म्हणजे छत्तीसगढ महतारीचं भाषण, हिरव्या लुगड्यात, हातात धानाची लोंबी घेऊन. महतारी म्हणजे आपली राज्यमाता. आणि दुसरा आदिवासी मुलींचा करमा नाच. महतारीचं भाषण सोनियाला तोंडपाठ होतं, घरात भांडी घासताना, जिना चढताना ती ते म्हणायची, आणि म्हणायची अशी की मारोतीसारखा माणूस पेपर खाली ठेवायचा. पण निवड झाली ती एका नव्या साहेबांच्या मुलीची. पोरगी गोड होती, तिचा काही दोष नाही, पण मधेच भाषण विसरायची. इंदू मॅडमचं म्हणणं पडलं की महतारी जरा उजळ असली की लांबून छान दिसते. सोनियाला त्यांनी करमा नाचात घातलं, तेही पहिल्या रांगेत, आणि कौतुकानेच म्हणाल्या की हिला तर मेकअपही लागायचा नाही.

सोनियाने घरी येऊन हे हसत हसत सांगितलं. सरिता तेव्हा कुणाच्या तरी भुवया कोरत होती. तीही हसली आणि म्हणाली, चला, माझं तेवढं काम वाचलं. खुर्चीतली बाईसुद्धा हसली. सोनिया स्टुलावर जाऊन बसली आणि त्या दिवसापासून घरात महतारीचं भाषण ऐकू यायचं बंद झालं. सरितेला वाटलं, पोरगी नाचाच्या तालमीला लागली.

आता गंमत पुढे आहे. नाचात मुली बाकी सगळ्या गोऱ्या-निमगोऱ्या, आणि मॅडमना हव्या होत्या आदिवासी. या राज्याचा तिसरा हिस्सा आदिवासी आहे हो, पण त्या शाळेच्या वर्गात शोधायला गेलं तर एकही सापडू नये. मग काय, ज्या आहेत त्यांना काळं करायचं, आणि ते काम गौरी ब्यूटी पार्लरकडे आलं. सगळा जन्म लोकांना गोरं करण्यात गेला आणि सरकारी उत्सवाला हे उलटं काम. सरिता दोन दिवस ज्याला त्याला सांगून हसत होती, की अखेर माझ्या घराण्याची विद्या कामी आली.

गोल बाजारात ती तोंडाला लावायची काळपट पॅनकेक आणायला गेली. दुकानदाराने तीन डब्या काढल्या, एक गोरी, एक जास्त गोरी, आणि एकीवर 'नैसर्गिक' लिहिलेलं, ती सगळ्यात गोरी. त्याहून गडद मागितली तर त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं बाई थट्टा करते आहे. म्हणाला, काळं व्हायचं सामान कोण ठेवणार दीदी, ते तर फुकट मिळतं. सरिता त्याच्याहून मोठ्याने हसली आणि गेरू घेऊन घरी आली.

मग रात्रीचा स्वयंपाक आटोपून तिने स्टीलच्या वाटीत कोल्ड क्रीम, गेरू, काजळ आणि उरलीसुरली पॅनकेक घोटायला घेतली. आधी फार लाल झालं, मग फार राखाडी. मारोती चिंचेची चटणी समजून पोळीचा तुकडा बुडवणारच होता, तेवढ्यात वाचला. नेमका रंग कसा जमवायचा हे तिला कळेना, कारण समोर नमुना नाही. मग तिने कोपरापर्यंत बाही वर केली आणि थोडं थोडं आपल्याच हातावर लावून पाहायला लागली. लावलेलं दिसेनासं झालं तेव्हा तिने चमचा खाली ठेवला. रंग फर्मास जमला होता, आणि ती स्वतःवरच खूश झाली.

कार्यक्रमाच्या दिवशी एका वर्गातले बाक भिंतीला सारून मुलींना ओळीने उभं केलं होतं. सरिता स्टुलावर, हातात स्पंज, मांडीवर वाटी. पहिलीच मुलगी वाटीत डोकावून म्हणाली, "आंटी, ये निकल जाएगा ना?" सरिता म्हणाली निघेल. दुसरीने तेच विचारलं. तिसरीने नुसतं विचारलं नाही, तिने गाल मागे घेतला आणि आधी हातावर लावून, पुसून दाखवायला लावलं. चौथी होती जरा लहान, चश्मिष्ट. तिला निघण्याबिघण्याशी कर्तव्य नव्हतं. आदिवासी लोग ऐसे ही होते हैं क्या, असं तिने विचारलं, अगदी मनापासून, जसं पोरं आभाळ निळं का म्हणून विचारतात.

आता इथे एखादी शहाणी बाई थांबली असती. पोरीला जवळ घेऊन म्हणाली असती, की बाळा, माणसं सगळ्या रंगांची असतात, आदिवासींतही आणि आपल्यातही, आणि ही काही घाण लागलेली नाही तुला. सरितेच्या मनात यातलं काहीतरी आलंसुद्धा. पण जिभेला हाड नसतं, आणि तिच्या जिभेला तर सवय वीस वर्षांची. ती म्हणाली, "डरो मत, सबका निकल जाएगा. बस मेरा ही नहीं निकला आज तक." आख्खी रांग खिदळली. दाराशी उभ्या इंदू मॅडम तोंडावर रुमाल धरून हसल्या.

आणि त्या हसण्यातच रांगेच्या शेवटून आवाज आला. सोनियाचा. नाचाची साडी नेसून, डोक्यात पिसं खोवून ती उभी होती. म्हणाली, "मेरे को तो भगवान ने लगा के ही भेजा है. धोने का टाइम नहीं मिला उनको."

आता तर विचारू नका. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, कुणीतरी टाळी मागितली. विनोद झकास होता, वेळ अचूक होती, आवाज कुठे उचलायचा आणि कुठे सोडायचा तेही बरोबर. खाण तशी माती. आणि हे सगळं झाल्यावर सोनियाने आईकडे पाहिलं, शाबासकीसाठी. बघ, मलाही येतं.

सरिता हसली नाही. आपली चीज आपल्याला कुणी गाऊन दाखवावी आणि ती आपल्याला ऐकवू नये, तसं काहीतरी तिला झालं. स्वतःवर केलेला हा विनोद तिने हजारदा केला होता, आणि हजारदा तिला काही लागलं नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं. पोरीच्या तोंडून तो एकदाच आला आणि लागला. पुढची मुलगी गाल पुढे करून उभी होती, तिला रंग लावणं भाग होतं. सरितेने लावला, पण कानापाशी डाग राहिला.

नाच छान झाला म्हणे. सरितेने पाहिला, पण तिला काही दिसलं नाही. महतारी झालेली पोरगी मधे दोनदा अडखळली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या नाचणाऱ्यांत उभ्या सोनियाचे ओठ हलत होते, हे मात्र तिला दिसलं.

कार्यक्रम संपल्यावर मुली शाळेमागच्या नळांवर धावल्या. तोंडं घासून, पाणी उडवून नुसता गोंधळ. लाल-काळं पाणी मोरीतून वाहत होतं. एकेक पोरगी आपल्या मूळ रंगात बाहेर यायची, आई टॉवेल घेऊन उभी असायची, आणि दोघी निघून जायच्या. नळ रिकामे होत गेले. शेवटच्या नळावर सोनिया एकटी राहिली. तीही तोंड घासत होती. तिच्या तोंडाला कुणी काही लावलेलं नव्हतं.

सरिता जवळ गेली. कपाळावरचा साबण डोळ्यांत जात होता, तरी पोरगी घासत होती, कान, मान, हनुवटीखाली, इतर मुलींनी घासलं तसं.

"काय करून राहिली गं? तुले कुठं लावलं होतं?"

सोनिया लगेच हसली. हसून म्हणाली, सब धो रहे थे तो मैंने सोचा ट्राय कर लूँ. पुन्हा विनोद. सरितेने नळ बंद केला आणि पदराने तिचं तोंड पुसलं. गाल लाल झाले होते. काळ्या गालावर लाली दिसत नाही म्हणतात, ते खोटं आहे, आईला दिसते.

"असं नाही बोलायचं स्वतःले," सरिता म्हणाली. "कधीच नाही."

सोनियाने तिच्याकडे पाहिलं. यावेळी ती हसली नाही. "तू तो रोज़ बोलती है," ती म्हणाली. आणि मग, जणू आईला एवढंही कळत नाही याचं तिला नवल वाटत होतं, तशी समजावून सांगायला लागली. "खुद पहले बोल दो तो फिर कोई और नहीं बोलता. तू ऐसे ही करती है ना? मैंने देखा है."

जिला आख्ख्या तात्यापाऱ्यात बोलण्यात कुणी हरवलं नव्हतं, तिला पोट्टीने नळापाशी गप्प केलं. तिच्या मनात आलं, सांगावं की माझी गोष्ट वेगळी. मग मनात आलं, कशी वेगळी? रंग तोच, पाटी तीच, हसणारी माणसं तीच. तिला स्वतःचा राग आला, असा की तिथल्या तिथे ती रंगाची वाटी मोरीत आपटावी. आणि त्या रागाच्याही खाली तिला रडू येत होतं. आपण पोरीला काही वाईट शिकवलं नाही, असं ती इतकी वर्षं समजत होती. नावं ठेवली नाहीत, डाळ चोळली नाही, उन्हात जाऊ नको म्हटलं नाही. फक्त तिच्यासमोर बसून रोज स्वतःला हसत राहिली. आणि पोरीचं तोंड होतं हुबेहूब तिचंच.

तेवढ्यात इंदू मॅडम आल्या, हातात हारतुरे, अजून त्याच हसण्याच्या लहरीत. दोघींना तशा उभ्या पाहून त्यांनी विचारलं की काय झालं, सोनिया रडते आहे का. आणि विचारतानाच त्यांचे ओठ आधीच थोडे हसण्यासाठी उघडले, कारण सरिता भोयर आता काहीतरी मजेशीर बोलणार हे त्यांना ठाऊक होतं.

सरितेलाही ठाऊक होतं. जिभेवर वाक्य आलं होतं, चांगलं होतं, मॅडम खात्रीने हसल्या असत्या. सोनिया आईकडे बघत होती, अगदी टक लावून, स्टुलावरून बघायची तशीच.

सरितेने ते वाक्य गिळलं. दुसरं शोधायला तिला वेळ लागला. तोंडात ते नवं होतं, वळत नव्हतं.

"कुछ नहीं, मॅडम," ती म्हणाली. "इसको बता रही थी कि वो बहुत सुंदर है. मेरे पे गई है."

इंदू मॅडम थांबल्या. पुढचा अर्धा भाग यायचा आहे असं समजून त्या हसायला तयार उभ्याच राहिल्या. पुढे काही आलं नाही. पदराचं टोक सरितेने मुठीत इतकं आवळलं होतं की बोटं दुखायला लागली. अखेर मॅडम घाईघाईने म्हणाल्या, हाँ हाँ, बिल्कुल, क्यों नहीं, आणि हारतुरे सावरत निघून गेल्या.

दोघी मायलेकी तिथेच उभ्या राहिल्या. मग सोनियाने आईची मूठ हळूच उघडली आणि तिच्यातला पदर सोडवला.

"आई, तू डर गई थी क्या?"

"हव," सरिता म्हणाली. "लय."